बटण लावलेला खिसा

मित्रांनो, मी एक जुना ॲप्रन आहे. प्रयोगशाळेत घालतात तसला, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा. पण तसले ॲप्रन पांढरे असतात आणि माझा रंग राखेसारखा आहे. मी मळलेला आहे असं मात्र समजू नका. माझ्याइतकं स्वच्छ कापड तुमच्या घरात एकही नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मला हात नाहीत, नुसत्या बाह्या आहेत, पण सांगायचं ते कळलं ना?

सध्या मी एका पत्र्याच्या पेटीत, काळ्या कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. इथे उजेडाचा कवडसाही येत नाही. तुम्ही म्हणाल, बिचारा अडगळीत पडला. तसं मुळीच नाही. ज्यांचं माझ्यावर प्रेम आहे त्यांनीच मला अंधारात ठेवलं आहे. ते का, हे सांगायला हा सगळा प्रपंच. तुमच्यात कुणी घाबरट असेल तर त्यानं शेजारी कुणाला तरी बसवून घ्यावं.

मी जन्मलो तेव्हा साधं सुती कापड होतो. शिंप्यानं मला एका संशोधक बाईंच्या मापानं बेतलं. बाई बुटक्या, चालणं तुरुतुरु आणि बोलणं त्याहून भरभर. काम अडलं की लवंग दाढेखाली धरायची त्यांना सवय होती.

"एक खिसा आतून शिवा आणि त्याला पट्टी आणि बटण लावा," त्यांनी शिंप्याला बजावलं. "वाकले की लवंगा सांडतात."

"बाई, ॲप्रनला आतून खिसा कुणी शिवतं का?"

"तुम्ही शिवताय की," बाई म्हणाल्या.

शिंपी हसला आणि त्यानं शिवला. छातीच्या डाव्या बाजूला, आतून, चांगला खोल. हा खिसा लक्षात ठेवा.

मग बाईंनी मला प्रयोगशाळेत नेलं आणि माझा दुसरा जन्म झाला. पेन्सिलचं शिसं तुम्ही रोज वापरता. ते खरं म्हणजे शिसं नसतं, ग्राफाइट असतं. पत्त्यांच्या कॅटातल्या पानांसारखे त्याचे थर एकावर एक बसलेले असतात. बाईंनी आम्ल वापरून, बर्फाच्या थंडाव्यात, ते थर एकेक करून सुटे केले. असं एक सुटं पान म्हणजे ग्राफीन. त्याची जाडी एका अणूएवढी. त्याहून पातळ करायला गेलात तर हाती काही उरणारच नाही. या पानांवर त्यांना टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिक वाढवायचे होते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ, पण इतका बारीक की त्याच्यापुढे मोहरी म्हणजे डोंगर. दोन्हींचं मिश्रण त्यांनी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात भरून भट्टीत ठेवलं. हे भांडं म्हणजे प्रेशर कुकरची धाकटी बहीण, फक्त शिट्टी न वाजवणारी. भांडं थंड झाल्यावर झाकण निघालं तेव्हा आत काळपट गाळ होता. तो गाळ पाण्यात कालवून मला त्यात बुडवलं, वाळवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळवलं. माझा धागान् धागा ते पाणी प्यायला. आतल्या खिशाचा कोपरासुद्धा सुटला नाही.

पहिल्यांदा मला उन्हात धरलं तो क्षण मला आठवतो, कारण त्या क्षणी मला भूक लागली.

ही भूक कसली ते सांगतो. उजेड पडला की त्या स्फटिकातला एक इलेक्ट्रॉन उडी मारून उठतो आणि त्याची जागा मागे रिकामी राहते. एरवी तो लगेच परत आला असता आणि जागा भरली असती. पण शेजारी ग्राफीनची जाळी असते. ती त्याला धरून लांब नेते. रिकामी जागा रिकामीच राहते आणि जवळ जे सापडेल त्याचे लचके तोडू लागते. डाग असो, जंतू असो, घाम असो, वास असो, ती निवड करत नाही. जो गेला तो परत आला नाही की मागे उरलेली जागा किती उपाशी असते, हे मी तेव्हाच शिकलो. पुढे ते मला एका घरात पुन्हा पाहायचं होतं.

बाई माझ्यावर फार खूश होत्या. त्यांनी माझ्या बाहीवर चहा सांडला, शाई सांडली, बिटाचा रस चोपडला. मला खिडकीत टांगलं की संध्याकाळपर्यंत बाही कोरी. पाणी नाही, साबण नाही. दवाखान्यात काम करणाऱ्यांना असे ॲप्रन मिळाले, तर दुसऱ्यांचे रोग अंगावर घेऊन कुणी घरी जाणार नाही, असं बाईंचं स्वप्न होतं. त्यांचे मोठे सर आले, मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हा तर खाऊन ढेकरही देत नाही!" सगळे हसले. मलाही बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

पण मित्रांनो, कौतुक करणाऱ्यांत एक जण नव्हता. बाईंच्या शेजाऱ्यांकडे एक म्हातारा कुत्रा होता. बाई दिसल्या की तो शेपटीनं सगळं अंगण झाडायचा. एकदा बाई मला अंगात घालूनच उन्हातून घरी आल्या, तर तो उठला, नाक वर करून त्यानं हवा हुंगली आणि मागे मागे सरकत भिंतीला टेकला. बाईंनी नेहमीसारखी हाक मारली. तो अंग चोरून गुरगुरत राहिला. माणसाला चेहरा दिसतो, कुत्र्याला वास दिसतो. त्याला दिसत होतं ते एवढंच की एक रिकामा ॲप्रन चालत येतोय आणि त्याच्यातून ओळखीचा आवाज निघतोय. "वेडाच आहेस," म्हणून बाई हसत आत गेल्या. मी हसलो नाही. त्याला जे कळलं होतं ते मलाही कळत होतं.

बाईंचं घर एका चष्म्याच्या दुकानावर होतं. दुकान त्यांच्या नवऱ्याचं. तो दिवसभर काचा घासायचा, उजेडापुढे धरायचा, पुन्हा घासायचा. मितभाषी माणूस, दहा वाक्यांचं काम एका हुंकारात भागवायचा. बाईंनी सांगितलेली गोष्ट मात्र त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. त्यांना एकच मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिचं नाक बरोबर तिथे पोचायचं, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे.

मुंगीला मी म्हणजे फुकटचा फळा वाटे. रविवारी सकाळी ती शाईचं पेन घेऊन माझ्या पाठीवर चित्रं काढायची. मासे, घड्याळ, नाक मुरडणाऱ्या आत्या. मला खिडकीत लटकवून ती समोर बसून राहायची. दुपार कलेपर्यंत मासे फिके व्हायचे, आत्यांचं नाक जायचं, मग आत्या जायच्या. मुंगी टाळ्या पिटायची.

एका रविवारी तिनं आईचा चेहरा काढला. चांगला मोठा, माझी पाठ भरून. केसांचा बुचडा, गालातली लवंग, सगळं. ऊन कडक होतं. आधी केस गेले, मग तोंड. डोळे जरा जाड शाईचे होते, ते सगळ्यात शेवटपर्यंत राहिले. राखाडी कापडावर नुसते दोन डोळे मुंगीकडे बघत होते. मग तेही गेले. मुंगीनं टाळ्या पिटल्या नाहीत. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली.

"आई, तू गेलीस!"

"अगं, मी कुठे जातेय? ही काय इथे उभी आहे."

"ह्यानं तुला खाल्लं."

बाईंनी तिचे डोळे पुसले. मग मला खिडकीतून काढून त्यांनी माझी कॉलर उलटली आणि पेन तिच्या हातात दिलं. "काढ इथे, कॉलरच्या खाली. छोटीशी काढ. इथे ऊन येत नाही ना, मग मला कोण खातंय? इथे मी राहीन."

मुंगीनं नखाएवढा चेहरा काढला. बाईंनी कॉलर खाली दुमडली. हळूहळू तो चेहरा सगळे विसरले.

बाईंनी नवऱ्याला माझी निगा कशी राखायची हेही शिकवून ठेवलं होतं, कारण त्यांना स्वतःला कधी वेळ नसे. "ह्याला धुवायचं नाही. रोज खिडकीत टांगायचं. ऊन सरकेल तसं फिरवायचं. आणि अधूनमधून खिशाचं बटण काढून तो उलटा करायचा, म्हणजे आतूनही उजेड लागेल." नवरा "हूं" म्हणाला. त्याचा हूं म्हणजे शब्द दिल्यासारखं होतं.

एका दुपारी बाई प्रयोगशाळेच्या जिन्यात दम लागून बसल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या अंगावर मीच होतो. हृदय थांबतानाचा शेवटचा ठोका मी आतल्या खिशाशी ऐकला. कुणीतरी मला त्यांच्या अंगावरून काढलं, घडी घातली आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून त्यांच्या नवऱ्याच्या हातात दिलं.

त्या पिशवीत अंधार होता. अंधारात मला भूक नसते. अंधारात मी खात नाही, माझी जाळी नुसती धरून ठेवते. बाईंचा घाम, त्या हातांना लावत ते ग्लिसरीन, लवंग आणि या सगळ्यांच्या खाली असलेला, जो कुठल्याच बाटलीत मिळत नाही, तो त्यांचा स्वतःचा वास. मी त्यांच्यानं गच्च भरलेला होतो. बाई जगात कुठेच नव्हत्या, पण पिशवीत होत्या.

घरात माणसं आली, रडली, गेली. मुंगीला आत्यानं आपल्या घरी नेलं. जाण्याआधी आत्यानं मायेनं सगळं घर धुऊन काढलं. चादरी, उशांचे अभ्रे, बाईंचे कपडे, टॉवेल, सगळं. लेकराला आणि भावाला बघवणार नाही म्हणून बरेचसे कपडे देऊनही टाकले. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दुःखात माणसाला हाताला काम लागतं.

घरात एकटा राहिलेल्या चष्मेवाल्यानं मग पिशवी उघडली. मला दोन्ही हातांनी वर उचललं, झटकलं आणि बायकोनं सांगितलं होतं तसं नेऊन खिडकीत टांगलं.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. ऊन माझ्या खांद्यांवर पडलं आणि भूक जागी झाली. खायला समोर होतं काय, तर बाई. आधी घाम गेला, मग ग्लिसरीन. लवंग चिवट असते, ती थोडी टिकली. चष्मेवाला दुकानातून वर यायचा, ऊन सरकलं की मला फिरवायचा, बाही सरळ करायचा. "आज ऊन छान आहे हं," असं तो माझ्याशी बोलायचा. इतकी वाक्यं त्यानं जन्मात कुणाशी बोलली नव्हती. तो बायकोचा शब्द पाळत होता आणि शब्द पाळता पाळता तिला रोज थोडी थोडी पुसत होता. त्याला हे कोण सांगणार? मी त्याच्या हातात होतो आणि मुका होतो.

फक्त एक गोष्ट त्यानं केली नाही. खिशाचं बटण त्यानं काढलं नाही. हात तिथपर्यंत जायचा आणि परत यायचा. तिच्या खिशात हात घालायचा त्याला धीर होत नव्हता.

काही दिवसांनी मुंगी परत आली. चपलाही न काढता ती धावत आली आणि तिनं माझ्यात तोंड खुपसलं. दीर्घ श्वास घेतला. मग दुसरीकडे, बाहीत. मग काखेपाशी. मग ती मागे सरली. तिचा चेहरा त्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा झाला होता.

"बाबा, हा कुणाचा ॲप्रन आहे?"

"आईचा. अजून कुणाचा?"

"नाही. ह्याच्यात कुणीच नाही."

त्या दिवसापासून मुंगीनं माझ्याकडे पाहणं सोडलं. खिडकीवरून जाताना ती डोळे घट्ट मिटायची आणि भिंतीला हात लावत पलीकडे जायची. वाऱ्यानं माझी बाही हलली की किंचाळायची. मला ती भूत म्हणायला लागली. तिचं चुकत होतं असंही नाही. माणसाचा आकार आहे, खांदे आहेत, बाह्या आहेत आणि आत कुणी नाही. मग भूत तरी आणखी कशाला म्हणतात? मी खिडकीत लोंबकळत असे आणि समोरच्या इमारतीतले लोक मला पाहून आपल्या खिडक्यांचे पडदे ओढून घेत. एकेकाळी माझ्या स्वच्छतेचं कौतुक होतं, आता त्या स्वच्छतेचीच सगळ्यांना भीती वाटत होती. ऊन मात्र थांबत नव्हतं. खायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा माझी भूक माझ्याच सुतावर उलटली. माझी कोपरं विरली, खांद्यांवरची वीण सैल झाली. मी स्वतःलाच खाऊ लागलो होतो.

मग एकदा मोठे सर घरी आले. बाईंच्या नावानं प्रयोगशाळेच्या दारातच काचेची मोठी पेटी करायची ठरली होती आणि तिच्यात मला ठेवायचं होतं. "चारी बाजूंनी दिवे लावणार आहोत," सर म्हणाले. "रात्रंदिवस चालू राहतील. ह्याच्यावर कधी कणभर धूळ बसणार नाही. बाईंना ह्याहून मोठा मान कुठला?"

चष्मेवाल्याला भरून आलं. तो "हूं" म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी त्यानं मला टेबलावर पसरलं. सर खाली गाडी घेऊन यायचे होते. मान मिळायचा तर मी नीटनेटका हवा, म्हणून त्यानं मऊ ब्रशनं, चष्म्याच्या काचा पुसतो तितक्या हलक्या हातानं, मला झाडायला घेतलं. समोरची खिडकी सताड उघडी होती आणि ऊन टेबलावर आलं होतं. मुंगी दारात पाठ करून उभी होती. वडिलांनी कॉलर उलटली आणि त्यांचा हात थांबला.

"मुंगे, हे काय काढलंयस?"

मुंगीला मान वळवावी लागली. कॉलरच्या खाली नखाएवढा चेहरा होता. बुचडा, गालातली लवंग, दोन डोळे. शाई जशीच्या तशी. इतकी ताजी की आत्ता काढल्यासारखी.

"इथे ऊन येत नाही," मुंगी हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "इथे ऊन येत नाही म्हणून आई आहे."

वडिलांना त्यातलं काही उमगलं नाही. त्यांच्या डोक्यात बायकोचं बाकी राहिलेलं काम होतं. आज धीर करायलाच हवा होता. त्यांनी मला उलटं केलं आणि आतल्या खिशाच्या बटणाला बोटं लावली. ऊन माझ्या छातीवर तापत होतं. अर्धं बटण काजातून बाहेर आलं.

"बाबा, बटण काढू नको!"

"अगं, आईनंच सांगितलंय. खिसा उलटा करून उजेडाला लावायचा."

"उजेडच खातो तिला!" मुंगी माझ्यावर आडवी पडली. मला भूत म्हणणारी मुलगी मला दोन्ही हातांनी कवटाळून होती. "चित्रं उन्हातली जातात. कॉलरखालचं नाही गेलं. मी परत आले तेव्हा ह्याच्यात आईचा वास नव्हता, आठवतं? तूच तर ह्याला उन्हात टांगलास!"

ते ऐकून चष्मेवाल्यानं बटणावरची बोटं काढली. तो खुर्चीवर बसला. त्यानं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी रोज टांगत होतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्याच्या मनाचं काय झालं असेल ते मला सांगता येणार नाही. मला तेवढे शब्द नाहीत.

पुढची अक्कल मुंगीलाच सुचली. तिनं मला पोटाशी गोळा केलं, वडिलांचा हात धरला आणि त्यांना ओढत जिना उतरून दुकानात नेलं. दुकानाच्या मागे डोळे तपासायची अंधारी खोली होती. दाराला जाड काळा पडदा, खिडकी नाही, भिंतीही काळ्या. मुंगीनं दिवा बंद केला आणि पडद्याच्या फटी चपलांनी दाबून टाकल्या. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला.

माझी भूक शांत झाली.

"काढ आता," मुंगी म्हणाली.

"तूच काढ," वडील म्हणाले.

बटण निघालं. आत दोन लवंगा होत्या, वाळून खडखडीत. मुंगीनं खिशात नाक घातलं आणि श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. नुसती लवंग. तिचा हुंदका मला जाणवला. मी तर सगळं जाणून होतो. खिशाच्या तळाशी, धाग्याधाग्यात बाई होत्या, पण जाळीनं मूठ घट्ट आवळून धरली होती. मूठ सुटायला ओलावा लागतो, ऊब लागते. मला ते सांगता येत नव्हतं.

पण रडणाऱ्या माणसाचा श्वास गरम असतो. मुंगी खिशात तोंड घालूनच रडली. तिचा कोमट, दमट श्वास तळापर्यंत पोचला आणि जाळीची मूठ जराशी सैल झाली.

मुंगीचं रडणं एकदम थांबलं.

"बाबा," अंधारात ती कुजबुजली. "ती आली."

वडिलांनी अंधारात चाचपडत खिसा शोधला. त्यांनी श्वास आत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्यांच्या गालावरून एक थेंब माझ्या आतल्या बाजूवर पडला. त्या काळ्या खोलीत दोन माणसं बसली होती आणि वास तिघांचा होता. मी शपथेवर सांगतो, कुणीतरी तिसरं श्वास घेतल्यासारखी माझी छाती तेव्हा हलली. वारा म्हणावा तर खोलीला खिडकी नव्हती.

बाहेर दुकानात पावलं वाजली. "चला, तयार आहात ना?" पडद्यापलीकडून मोठ्या सरांचा आवाज आला. "अंधारात काय करताय? दिवा लावू का?"

"नको!" दोघं एकदमच ओरडले.

मुंगीनं घाईघाईनं बटण लावलं. वडिलांनी मला आपल्या कोटाच्या आत, छातीशी गुंडाळलं आणि मगच पडदा सारला.

"सर, ॲप्रन मिळणार नाही," चष्मेवाला म्हणाला.

"अहो, पण पेटी तयार आहे. दिवेसुद्धा लावून ठेवलेत!"

"म्हणूनच," मुंगी म्हणाली.

सर पुढे झाले. मग त्यांची नजर बाप-लेकीच्या रडलेल्या चेहऱ्यांवर गेली, कोटातून डोकावणाऱ्या माझ्या राखाडी कॉलरवर गेली, मागच्या काळ्या खोलीकडे गेली. ते शिकलेले होते, माझी भूक त्यांना पुरती ठाऊक होती. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी मान खाली घातली, दुकानातला दिवा स्वतःच मालवला आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं. काचेच्या पेटीत आता बाईंच्या प्रयोगातून उरलेल्या कापडाचा एक तुकडा आहे म्हणतात. अगदी स्वच्छ आहे म्हणे. असणारच.

तेव्हापासून मी या पत्र्याच्या पेटीत आहे. फार आठवण झाली की बाप-लेक मला अंधाऱ्या खोलीत नेत, बटण काढून दोन श्वास घेत आणि पुन्हा लावून टाकत. त्यांना भीती वाटे की दर श्वासाला बाई थोड्या कमी होतात. तसं होतही होतं. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. अंधारात माझी जाळी रिकामी राहत नाही. जो कुणी खिशात श्वास सोडतो त्याचं काहीतरी ती धरून ठेवते. काचा घासण्याचं पाणी, मशीनचं तेल, डोळ्यांतलं मीठ.

वर्षं लोटली. चष्मेवालाही गेला. दुकान आता मुंगी चालवते, तिच्या केसांतही चांदी आली आहे. वडील गेल्यावर बऱ्याच दिवसांनी तिनं अंधारात बटण काढलं. आईसाठी श्वास घेतला आणि दचकली.

"बाबा, तूपण?" ती म्हणाली. मग ती हसली आणि मग रडली, आणि तिचा कोमट श्वास माझ्या तळाशी त्या दोघांशेजारी जाऊन बसला. तिला हे माहीत नाही. मी सांगणारही नाही. तिला कळेल तेव्हा ती बाहेर नसेल.

मित्रांनो, उजेड चांगला असतो. त्यानं रोग जातात, डाग जातात, घर हसरं होतं. पण आपल्या माणसाची एखादी वस्तू हाती आली तर लगेच झटकू नका, धुऊ नका, उन्हात टांगू नका. प्रेमानं केलेली साफसफाई फार निर्दय असू शकते. आणि एखाद्या दिवशी तुमच्या हाती अशी पत्र्याची पेटी लागली, आत काळ्या कापडात एक राखाडी ॲप्रन असला आणि त्याच्या आतल्या खिशाचं बटण लावलेलं असलं, तर आधी दार लावा, दिवा मालवा, आणि बटणाला हात लावण्यापूर्वी हळू आवाजात विचारा, "आत कोण कोण आहे?"

उत्तर ऐकू येणार नाही. जवळ येऊन श्वास सोडा.